एरर समोरच्याच्या मशीनवरही यायला हवी: तांत्रिक प्रश्न विचारण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मराठी नावांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) वाचताना एरर येते. दोन ठिकाणी विचारून झालं. एका ठिकाणी चार दिवसांत कोणी फिरकलं नाही, दुसऱ्या ठिकाणी ‘डीबग करायला पुरेशी माहिती नाही’ असा शेरा मारून प्रश्न बंद केला. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं, की नवख्यांना तिथे कोणी दादच देत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मोडक्यातोडक्या इंग्रजीतले प्रश्न व्यवस्थित सुटताना मी नेहमी बघतो, आणि सुंदर इंग्रजीतले प्रश्न तसेच पडून राहिलेलेही बघतो. तेव्हा भाषेचा न्यूनगंड आधी बाजूला ठेवा. खरी अडचण ही आहे की तुमचा प्रश्न वाचून कोणालाही ती एरर स्वतःच्या मशीनवर आणता येत नाही. उत्तर देणारा माणूस तुमच्या शेजारी बसलेला नाही. तुमची फाइल, तुमचं विंडोज, तुम्ही काल काय बदललं, यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्याच्याकडे फक्त तुम्ही लिहिलेला मजकूर असतो आणि जेवणाच्या सुट्टीतली पाच-दहा मिनिटं असतात. त्या मिनिटांत तुमचा कोड चिकटवून तीच एरर त्याच्या पडद्यावर आली, तर तो सहसा सोडवूनच उठतो. अशा माणसांना न सुटलेली एरर समोर दिसली की चैन पडत नाही. ती आली नाही तर तो पुढच्या प्रश्नाकडे जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तुमच्या प्रश्नाचं शीर्षक होतं, ‘प्लीज हेल्प अर्जंट, मराठी नॉट वर्किंग इन पायथन’. खाली मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो, त्यात एररच्या शेवटच्या दोन ओळी. मग एक वाक्य: ‘लहान फाइलमध्ये कोड चालतो, मोठ्या फाइलमध्ये चालत नाही, हा खराब बाइट वगळायचा कसा?’ एवढंच. यातला एकेक तुकडा घेऊन सांगतो, कारण हेच तुकडे नीट लिहिले असते तर उत्तर पहिल्या तासात आलं असतं, असं माझं मत आहे.

फोटोपासून सुरुवात करू. फोटोतला मजकूर कॉपी करता येत नाही, सर्चमध्ये सापडत नाही, आणि दृष्टिहीन असलेला, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणारा एखादा प्रोग्रामर असेल तर त्याच्यासाठी ती नुसती कोरी जागा असते. पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे: फोटो काढताना माणूस जे आपल्याला महत्त्वाचं वाटतं तेवढंच फ्रेममध्ये घेतो. तुम्ही शेवटच्या दोन ओळी घेतल्यात. त्यात ‘चारमॅप कोडेकला बाइट ०एक्स८१ डीकोड करता येत नाही’ एवढंच आहे. त्याच्या जरा वर, ट्रेसबॅकमध्ये (एरर कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीतून आली ते दाखवणारी पायथनची यादी), एक ओळ नक्की असणार ज्यात पायथनच्या ‘एन्कोडिंग्ज’ फोल्डरमधल्या एका फाइलचा मार्ग आहे आणि त्या फाइलचं नाव ‘सीपी१२५२’ आहे. ती ओळ म्हणजे जवळजवळ अख्खं उत्तर आहे. विंडोजने तुमची फाइल पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या कोडपेजमध्ये (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) वाचायला घेतली, हे त्या एका नावावरून कळतं. तुम्हाला ती ओळ निरर्थक वाटली म्हणून कापली गेली. निदान काय हे आपल्याला माहीत नसतं तेव्हा कोणती ओळ निरर्थक हेही माहीत नसतं. म्हणून ट्रेसबॅक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मजकूर म्हणून, एकही अक्षर न बदलता द्यायचा. मार्गात तुमचं विंडोजचं युजरनेम दिसत असेल आणि ते नको असेल, तर तेवढंच बदला आणि बदललंय असं लिहा.

कोडही तसाच, मजकूर म्हणून. बहुतेक ठिकाणी कोडच्या आधी आणि नंतर स्वतंत्र ओळीवर तीन-तीन बॅकटिक (` हे चिन्ह) टाकले की तो चौकटीत जातो. पायथनमध्ये हे जास्त गरजेचं आहे, कारण चौकटीबाहेर टाकलेल्या कोडचं इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) विस्कटतं आणि मग समोरच्याला तुमची एरर न येता इंडेंटेशनची एरर येते. तो तिथेच सोडून देतो.

आता ‘लहान फाइलमध्ये चालतो’ या वाक्याकडे या. ‘चालतो’ हा तुमचा निष्कर्ष आहे, तुम्ही पाहिलेली गोष्ट नाही. तुम्ही नेमकं काय पाहिलंत? तुम्ही मला पाठवलेल्या कोडवरून अंदाज करतो की लहान फाइलवर तुम्ही फक्त ओळींची संख्या छापली, आणि संख्या बरोबर आली. नावं छापून बघितली असती तर एररशिवायही काहीतरी बिघडलेलं दिसलं असतं. कसं ते सांगतो, कारण प्रश्न लहान करण्याचा फायदा इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची आजची प्रचलित पद्धत; अशा पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. अक्षर एक, काना एक, उकार एक, सगळे वेगवेगळे मोजायचे. ‘म’ म्हणजे ई०, ए४, एई हे तीन बाइट (बाइट सोळा-आधारी आकड्यांत लिहितात, त्यात रोमन ए ते एफ हेही आकडेच; आधी येणारं ‘०एक्स’ ही त्याची खूण). सीपी१२५२ मध्ये मात्र एक बाइट म्हणजे एक चिन्ह, त्यामुळे तुमचं प्रत्येक अक्षर तीन परकी चिन्हं होऊन बाहेर येतं: आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, मग दोन भलतीच चिन्हं. एरर येत नाही, नुसता कचरा दिसतो. पण सीपी१२५२ मध्ये पाच बाइट असे आहेत ज्यांना चिन्हच नेमलेलं नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यातला एक जरी फाइलमध्ये आला तरी पायथन थांबतो. आणि मराठीत ते जागोजागी येतात. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे. हलन्ताचा ८डी, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जोडाक्षर. ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी.

म्हणजे ‘नाशिक’, ‘सातारा’, ‘नागपूर’, ‘जळगाव’ असलेली फाइल एरर न देता वाचली जाईल, फक्त आतून कचरा असेल. त्यात ‘पुणे’ आलं की एरर. ‘मुंबई’, ‘धुळे’, ‘कोल्हापूर’ यांनीही तेच. तुमच्या लहान फाइलमध्ये मला वाटतं पहिल्या गटातली नावं होती. फाइल लहान की मोठी याचा काही संबंध नव्हता. आणि ‘मोठ्या फाइलमध्ये येते’ असं वाचून उत्तर देणारा मेमरी, बफर, फाइलची लांबी असल्या दिशांना शोधायला लागतो. चुकीचा निष्कर्ष लिहिला की मदत करणाऱ्याचा वेळ त्याच्यामागे जातो. निष्कर्ष लिहायला हरकत नाही, पण आधी निरीक्षण लिहा: कोणती फाइल, कोणता कोड, काय छापलं गेलं, काय अपेक्षित होतं. तुमचा अंदाज त्यानंतर, ‘मला असं वाटतं’ म्हणून.

हे तुम्हाला स्वतःला कसं सापडलं असतं? अर्धं-अर्धं करत. ४,००० ओळींची फाइल आहे. आधी तिची प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीतल्या खालच्या २,००० ओळी उडवा आणि कोड चालवा. एरर आली तर उरलेल्यातल्या पुन्हा अर्ध्या उडवा. एरर गेली तर उडवलेला भाग परत आणा आणि दुसरा अर्धा उडवा. २ चा १२ वा घात ४,०९६ होतो, तेव्हा जास्तीत जास्त १२ फेऱ्यांत तुम्ही एका ओळीवर पोहोचता. वेळ लागतो १० मिनिटं. मग त्या ओळीतले कॉलम कमी करा, शेवटी एक शब्द उरेल. दोन्ही अर्ध्यांमध्ये एरर येत असेल तर कुठलाही एक अर्धा ठेवा, पण ही गोष्ट टिपून ठेवा: बिघाड एखाद्या खराब ओळीत नसून सगळीकडे पसरलेला आहे, असा त्याचा अर्थ होतो. आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे सुरळीत चालले, एकत्र केल्यावरच एरर आली, तर दोन भागांचा एकमेकांशी काही संबंध आहे. तीही माहिती प्रश्नात लिहिण्याजोगी.

कोडलाही हीच कात्री लावा. तुमच्या ११० ओळींच्या प्रोग्राममध्ये फाइल वाचणं, नावं जुळवणं, डेटाबेसमध्ये भरणं असं सगळं आहे. एरर फाइल वाचताना येते. बाकीचं काढून टाका. फाइल उघडायची, एक ओळ वाचायची, छापायची, एवढ्या तीन ओळी उरतात. काढताना एरर मध्येच नाहीशी झाली तर घाबरू नका. शेवटचं जे काढलंत तिथेच काहीतरी आहे. माझा अनुभव असा की या टप्प्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न विचारायच्या आधीच सुटतो.

इथे एक सावधगिरी, कारण याच विषयात ती फार नडते. प्रत लहान करताना ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेलमध्ये साधा ‘सीएसव्ही, कॉमा डिलिमिटेड’ हा प्रकार निवडला गेला, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली जातात आणि मूळ अक्षरं त्या फाइलमधून कायमची जातात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडलं तर सुरुवातीला तीन अदृश्य बाइट जोडले जातात. दोन्ही वेळेला तुम्ही तपासत असलेली वस्तूच बदलते. नोटपॅड वापरा, विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे महिन्याच्या अपडेटपासून तो नवीन फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये, ते तीन बाइट न जोडता सेव्ह करतो. खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंगचं नाव दिसतं, तेही प्रश्नात लिहा.

‘पोझिशन’ म्हणून जो आकडा एररमध्ये येतो त्याबद्दलही सांगतो, कारण पुष्कळ जण त्याच्यामागे वेळ घालवतात. फाइल ओळीओळीने वाचताना पायथन सुमारे ८ किलोबाइटचा तुकडा एका वेळी डीकोड करतो. आकडा त्या तुकड्यातला असतो, अख्ख्या फाइलमधला नसतो. मोठ्या फाइलमध्ये तो आकडा मोजत बसलात तर भलत्याच अक्षरापाशी पोहोचाल. एका शब्दाच्या फाइलमध्ये मात्र तो अगदी खरा असतो. ‘पुणे’ या शब्दात ‘प’चे बाइट ०, १, २ आणि उकाराचे ३, ४, ५. एररमध्ये पोझिशन ५ दिसायला हवी, आणि तिथे बाइट ८१. आकडा जुळला की उत्तर देणाऱ्याला फाइल उघडूनही बघावी लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: ‘हा खराब बाइट वगळायचा कसा?’ इथे तुम्ही मूळ अडचण विचारली नाहीत, तुम्हाला सुचलेल्या उपायातली अडचण विचारलीत. याला मंडळी ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात. धोका असा की तुम्हाला विचारल्याप्रमाणे उत्तर मिळू शकतं. कोणीतरी सांगेल, फाइल उघडताना ‘एरर्स’ या पॅरामीटरला ‘इग्नोर’ द्या. तुम्ही द्याल, एरर जाईल, तुम्ही आभार मानाल, आणि ४,००० नावं कचरा होऊन डेटाबेसमध्ये जाऊन बसतील. शिवाय प्रत्येक ऱ्हस्व उकाराचा आणि प्रत्येक हलन्ताचा एकेक बाइट गळालेला असेल, म्हणजे नंतर परत नीट करायचीही सोय नाही. तो बाइट खराब नव्हताच. तो तुमच्या ‘पुणे’मधला उकार होता. म्हणून प्रश्नाच्या पहिल्या दोन ओळींत शेवटी काय साधायचं आहे ते लिहा: ‘मराठी नावांची यूटीएफ-८ सीएसव्ही वाचून नावं जशीच्या तशी डेटाबेसमध्ये भरायची आहेत.’ हे वाक्य असेल तर वाचणारा तुम्हाला ‘इग्नोर’पासून स्वतःहून अडवेल.

भोवतालची माहिती किती द्यायची हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि याला सरसकट नियम नाही. वेबपेज मोबाइलवर नीट दिसत नसेल तर ब्राउझर आणि त्याची आवृत्ती हवी. लिनक्सवर वायफाय चालत नसेल तर कर्नलची आवृत्ती आणि कार्डाचं नेमकं मॉडेल हवं. रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, हे तुमच्या प्रश्नात कोणालाच नको आहे. तुमच्या बाबतीत तीन गोष्टी लागतात: ऑपरेटिंग सिस्टिम, पायथनची आवृत्ती, फाइल कशातून तयार झाली. पहिली का? तीच फाइल, तोच कोड लिनक्सवर किंवा मॅकवर बिनबोभाट चालतो, कारण तिथे सहसा यूटीएफ-८ गृहीत धरलं जातं. लिनक्सवाला करून बघेल, ‘माझ्याकडे चालतंय’ लिहील आणि निघून जाईल. तो खोटं बोलत नाही. तुम्ही विंडोज लिहिलं नव्हतं. दुसरी का? पायथन ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ च गृहीत धरायचं असं ठरलेलं आहे, त्यामुळे आवृत्तीनुसार उत्तर बदलतं. ‘लेटेस्ट’ असं कधीही लिहू नका. टर्मिनलमध्ये विचारून येणारा पूर्ण आकडा लिहा. दोन वर्षांनी कोणी वाचेल तेव्हा ‘लेटेस्ट’ला काही अर्थ उरत नाही.

आणि काय-काय करून पाहिलं ते लिहा, पण प्रत्येक प्रयत्नापुढे त्याचा परिणाम हवा. ‘सगळं करून पाहिलं’ याचा उपयोग शून्य. ‘एन्कोडिंग एएससीआयआय दिलं, तेव्हा हीच एरर न येता दुसरी आली, तिचा मजकूर असा’ यातून बरंच कळतं. विचारण्याआधी शोधतानाही एररचा मजकूर जसाच्या तसा घ्या, फक्त त्यातला तुमचा फाइल-मार्ग आणि पोझिशनचा आकडा काढून टाका, कारण ते जगात दुसऱ्या कोणाच्याही एररमध्ये जुळणार नाहीत. जवळचा वाटणारा जुना प्रश्न सापडला तर त्याचा दुवा देऊन तो तुम्हाला का लागू पडला नाही हे एका ओळीत लिहा. ‘हा जुनाच प्रश्न आहे’ म्हणून बंद होण्याची शक्यता त्याने कमी होते.

हे सगळं धरून तुमचा प्रश्न असा होईल. शीर्षक: ‘विंडोजवर पायथन ३.११ मध्ये यूटीएफ-८ सीएसव्ही वाचताना देवनागरी मजकुरावर युनिकोड-डीकोड-एरर, बाइट ०एक्स८१’. मजकूर: ‘मराठी नावांची सीएसव्ही वाचून नावं न बदलता डेटाबेसमध्ये भरायची आहेत. खालच्या तीन ओळींच्या कोडने एरर येते. फाइलमध्ये फक्त एक शब्द आहे: पुणे. ती विंडोज ११ वरच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली आहे. त्याच फाइलमध्ये “नाशिक” लिहिलं तर एरर येत नाही, पण छापल्यावर परकी चिन्हं दिसतात. “पुणे” छापलं जावं अशी अपेक्षा आहे. पूर्ण ट्रेसबॅक खाली देत आहे. “एरर्स”ला “इग्नोर” देऊन एरर जाते, पण मजकूर बिघडतो, म्हणून तो उपाय नको.’ मग कोड, मग ट्रेसबॅक. शीर्षकात ‘अर्जंट’ नाही. तुमची घाई खरी असेल, पण वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही, आणि यादीतली ती जागा ‘०एक्स८१’ सारख्या शब्दाला मिळाली तर नेमका जाणकार माणूस तिथे थांबतो.

भाषेचं म्हणाल तर हेच आधी मराठीत लिहून काढा. मराठीत स्वच्छ लिहिता आलं की इंग्रजी सोपं होतं: लहान वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. भाषांतराचं साधन खुशाल वापरा, पण एरर, कोड आणि नमुन्याची फाइल त्यातून घालू नका. ती साधनं अवतरणचिन्हं बदलतात, कधी कोडमधले शब्दही. नमुन्यात ‘पुणे’ हे देवनागरीतच चिकटवा. रोमन लिपीत लिहिलंत तर एरर येणारच नाही. वाचणाऱ्याला देवनागरी येत नसेल म्हणून सोबत त्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक लिहा: यू+०९२ए, यू+०९४१, यू+०९२३, यू+०९४७. चार चिन्हं, चार आकडे. ब्राझीलमधला माणूसही ती फाइल हुबेहूब बनवू शकतो.

प्रश्न टाकण्याआधी एक गोष्ट न विसरता करा. तुमच्या फाइलमध्ये ४,००० माणसांची नावं आहेत, बहुधा मोबाइल नंबरही. ती फाइल कुठेही जोडू नका. एका शब्दाच्या नमुन्याचा हा दुसरा फायदा, की खऱ्या माणसांची माहिती बाहेर पडत नाही. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) असेल तर ती काढा. चुकून गेलीच तर नंतर एडिट करून भागत नाही, कारण बहुतेक ठिकाणी जुनी आवृत्ती इतिहासात दिसत राहते. पासवर्ड किंवा की ताबडतोब बदलायची.

कुठे विचारायचं हे प्रश्नाच्या जातीवर ठरतं. असा नेमका, एकच उत्तर असलेला प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या ठिकाणी बसतो. ‘जँगो शिकू की फ्लास्क’ (दोन्ही पायथनमध्ये वेबसाइट बनवायची साधनं) हा तिथे बसत नाही, तो गप्पांच्या ठिकाणी विचारा. डिस्कॉर्डवर, टेलिग्रामच्या गटात. त्या गटांत ‘पायथन येणारं कोणी आहे का?’ असं आधी विचारून वाट बघू नका, सरळ प्रश्नच टाका. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची ‘इश्यूज’ची जागा त्या प्रकल्पातल्या बगसाठी असते, आपलं काही चुकतंय का हे विचारण्यासाठी नाही. मेलिंग लिस्टवर साधा मजकूर पाठवा. लिनक्स कर्नलच्या लिस्टवर तर एचटीएमएल मेल नाकारलीच जाते. एकच प्रश्न एकाच वेळी चार ठिकाणी टाकू नका. एका ठिकाणी उत्तर मिळाल्यावर बाकी तिघं उगीच राबत राहतात, आणि हे लक्षात आलं की माणसं खरोखर दुखावतात. एका ठिकाणी एक-दोन दिवस थांबा. मग दुसरीकडे टाकलात तर दोन्हीकडे एकमेकांचा दुवा द्या. उत्तर देणाऱ्याला खासगी मेसेज करू नका. तिथे त्याचं उत्तर चुकलं तर दुरुस्त करायला दुसरा कोणी नसतो.

टाकल्यावर पहिला तासभर तरी जवळ असा. झोपायच्या आधी प्रश्न टाकून सकाळी बघायचं ही सवय मोडा, कारण ‘फाइल कशात सेव्ह केली?’ अशी विचारणा पहिल्या काही मिनिटांतच येते आणि तेव्हा उत्तर मिळालं नाही तर विचारणारा परत येईलच असं नाही. विचारलेली माहिती कॉमेंटमध्ये लिहून थांबू नका, मूळ प्रश्न एडिट करून त्यात घाला; नंतर येणारा माणूस कॉमेंट वाचत नाही. कॉमेंटची भाषा तुटक वाटेल. ‘व्हॉट ओएस?’ एवढीच दोन शब्दांची कॉमेंट म्हणजे कोणीतरी तुमच्या प्रश्नावर काम करायला बसलंय. तिला रागाने किंवा लांबलचक माफीने उत्तर देऊ नका, ‘विंडोज ११’ एवढं लिहा. जो खरंच अपमानकारक बोलतो त्याची तक्रार करण्याचं बटण असतं, ते वापरा आणि पुढे चला.

बंद झालेला प्रश्न पुसून नवीन टाकायची गरज नाही. तोच एडिट करा. सुधारलेला प्रश्न पुन्हा उघडण्यासाठी तपासणीला पाठवता येतो. उत्तर लागू पडलं तर ते स्वीकारल्याची खूण करा आणि नेमकं कशाने सुटलं ते एका ओळीत लिहा. स्वतःच शोधून काढलंत तर ‘सुटलं, धन्यवाद’ लिहून जाऊ नका, स्वतःचं उत्तर तिथे टाका. धुळ्यातली एखादी मुलगी पुढच्या वर्षी हीच एरर घेऊन तिथे येणार आहे.

चॅटबॉटचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. तपासायच्या दिशा मिळवायला तो बरा. कोड त्याने लिहून दिला असेल तर तसं प्रश्नात सांगा, कारण अस्तित्वात नसलेलं फंक्शन त्यात असू शकतं आणि वाचणारा ते तुमचं समजून गोंधळतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर मात्र अशी यंत्राने लिहिलेली उत्तरं टाकायला डिसेंबर २०२२ पासून मनाई आहे.

हे सगळं ज्या एरर हवी तेव्हा आणता येतात त्यांना लागू. दिवसातून एकदा, कधीतरी बंद पडणारा सर्व्हर एका शब्दात आणता येत नाही. तिथे नमुन्याची जागा नोंदी घेतात: कोणत्या वेळी झालं, किती वेळा, त्याआधीची पाच मिनिटं लॉगमध्ये काय होतं, आणि शेवटचं सुरळीत कधी होतं, त्यानंतर काय बदललं.

तुमच्या फाइलचं म्हणाल तर उघडताना ‘एन्कोडिंग’ या पॅरामीटरला ‘यूटीएफ-८’ द्या, नावं नीट येतील. पण आधी ‘पुणे’वाली चाचणी मूळ फाइल ज्या मार्गाने तयार झाली त्याच मार्गाने करा, आणि एररमधली पोझिशन बघा. ५ आली तर एवढ्यावर काम झालं. ८ आली तर सुरुवातीला ते तीन अदृश्य बाइट आहेत, म्हणजे फाइल एक्सेलच्या ‘सीएसव्ही यूटीएफ-८’मधून आलेली दिसते. मग ‘यूटीएफ-८’ देऊन वाचलीत तर मजकूर बरोबर दिसेल, पण पहिल्या कॉलमचं शीर्षक ‘नाव’ असूनही ‘नाव’ने शोधल्यावर की-एरर येईल, कारण शीर्षकाच्या आधी एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असेल. अशा वेळी ‘यूटीएफ-८-सिग’ द्यायचं.